वर्षभर पुसायचं नाही

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण त्याच्याही आधी मी दार होतो. खोटं वाटत असेल तर माझ्या उजव्या कडेवरून हात फिरवा. दोन खाचा लागतील. त्या बिजागऱ्यांच्या. मधोमध बोटभर भोक आहे, ते कडीचं. एकनाथ सुतारानं त्यात लाकडाचा तुकडा ठोकून वरून काळा रंग फासला होता. पण उन्हाळा आला की तो तुकडा आक्रसून खाली पडायचा आणि मी पुन्हा दारासारखा दिसायला लागायचो.

दार होतो तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं. येता-जाता ढकलायचे, लोटायचे, पोरं लाथा घालायची. घरातलं भांडण, उपास, रडणं सगळं माझ्या आत राहायचं आणि बाहेरच्याला माझं पाठमोरं लाकूड तेवढं दिसायचं. पुढं फळा झालो, आणि लोक माझ्यासमोर उभं राहून मान वर करून वाचायला लागले. मला वाटलं, आपली बढती झाली. अहो, कसली बढती! ऐकून घ्या, मध्येच उठू नका.

आमची वाडी उरवडे गावाच्या खालच्या अंगाला, पस्तीसेक उंबऱ्यांची. मी तिथल्या भिकूच्या घराचं दार. १९९८ साली भिकूनं जुनं घर उतरवून विटांच्या दोन खोल्या बांधल्या आणि लोखंडी दार बसवलं. त्याच वर्षी वाडीच्या मंडळात मोठा तमाशा झाला. खजिनदार बहिरूनं गणपतीच्या वर्गणीतून स्वतःच्या घरावर पत्रे घातले, अशी कुजबुज उठली. खरं-खोटं देवाला माहीत. पण बहिरूशी कुणी बोलेना आणि पुढच्या वर्षी वर्गणी कुणी देईना. तेव्हा भिकू बैठकीत उठून म्हणाला, "फळा करा. आलेला रुपाया नावानिशी लिवा, गेलेला रुपाया नावानिशी लिवा. वरीसभर पुसायचं न्हाई. मग कोन कुनावर बोट ठेवतंय बगू."

"फळ्याला लाकूड कोन दील?" एकनाथनं विचारलं. तो सुतारही होता आणि मंडळाचा अध्यक्षही.

"माजं जुनं दार घे की. ह्या साली माज्याकडं रोख वर्गणी न्हाई. दारच वर्गणी समज."

असा मी फळा झालो. मंडळाच्या खोलीच्या भिंतीवर, वाडीच्या नळासमोर मला टांगलं. माझ्या वरच्या अर्ध्या भागात वर्षाचा हिशोब आणि खालच्या भागात रोजचं काहीबाही. आज पाणी किती वाजता सुटणार, पोलिओचा डोस कधी, तालुक्याला, पौडला, दाखल्यांसाठी कोणत्या वारी जायचं, असलं. लिहायचा भिकू. तो उरवड्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता. पहिल्या पाळीला जायच्या आधी खडू घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा. काय अक्षर होतं त्याचं! वेलांटी देताना मनगट असं अलगद वळवायचा की मला गुदगुल्या व्हायच्या. मला तो फार आवडायचा, हे उघड सांगतो. पुढं जे झालं त्यात त्याचा हात होता आणि माझं अंग होतं, म्हणून दोघांच्या वतीनं बोलतोय.

दोन-तीन वर्षं बरी गेली. मग भिकूनंच आणखी एक चांगली गोष्ट सुचवली. वाडीत चार-पाच घरं अशी होती की विजेचं बिल थकायचं आणि वायरमन येऊन खांबावरची तार सोडून जायचा. एकदा तार सुटली की ती जोडून घ्यायला आणखी पैसे. भिकू म्हणाला, दिवाळीत वसुबारसेला घरटी दहा-दहा रुपये काढू, ज्याला जमेल त्यानं जास्त द्यावेत, आणि ज्याचं बिल थकलंय त्याचं भरू. लोकांनी माना डोलावल्या. त्याला 'दिव्याचे पैसे' असं नाव पडलं. पहिल्या वर्षी दिव्याचे पैसे मिळाले गंगूबाईला.

गंगूबाई एकटी बाई. नवरा वारलेला, मुलगा कुठं गेला त्याचा पत्ता नाही. घरात एकच बल्ब, तरी बिल साठत साठत सहाशे चाळीस रुपये झालेलं. रोज सकाळी ती नळावर कळशी लावायची आणि भरेपर्यंत भिकूला विचारायची, "काय लिवलंस रं आज?" तिला वाचता येत नव्हतं. भिकू वाचून दाखवायचा.

त्या दिवशी त्यानं तिला हाताला धरून माझ्यासमोर आणलं. "आत्या, हितं बघा. हे तुमचं नाव. 'श्रीमती गंगूबाई, वीजबिलासाठी मदत, रुपये सहाशे चाळीस.'"

मित्रांनो, ती हसली. तिनं आपलं नाव जन्मात कधी लिहिलेलं पाहिलं नव्हतं. तिनं बोट लावून बघितलं, बोटाला खडू लागला, तो तिनं कपाळाला लावला. भिकूची छाती फुगली. माझीही फुगली.

हसू चार दिवससुद्धा टिकलं नाही. शाळेत नुकतीच वाचायला शिकलेली पोरं माझ्यासमोर उभी राहून एका सुरात म्हणायची, "गंगूबाई, वीजबिलासाठी मदत." त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना अक्षरं लागत होती याचाच आनंद. मग किराणावाला एकदा नळावर म्हणाला, "गंगूबाई, तुमचं बरं हाय बाई, मंडळ हाय भरायला." कुणीतरी म्हणालं, "आमच्या धा रुपयावर म्हातारी उजेडात बसली." सगळे हसले. तिनं कळशी अर्धीच भरली होती, तशीच उचलून गेली.

त्यानंतर ती नळावर आली नाही. ओढ्याच्या कडेनं खालच्या विहिरीवर जायला लागली. गुडघे दुखायचे तरी तेवढी लांबची चढण चढायची. मला ती ओढ्याच्या वळणावर रोज दिसायची, वाकत वाकत जाताना. तिचं नाव मात्र माझ्या अंगावर ठसठशीत होतं. वर्षभर पुसायचं नाही, असा नियम. भिकूला वाटलं, म्हातारीला विहिरीचं पाणी गोड लागतं. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, आपण खरं तेच दाखवतोय, आपलं काय चुकलं? सरळ सांगतो, मी माजलो होतो.

पुढच्या दिवाळीला तिचं नाव पुसलं आणि दुसऱ्या कुणाचं तरी चढलं. नंतर तिसऱ्याचं. नळावर एक माणूस कमी व्हायचा आणि विहिरीच्या वाटेवर वाढायचा. अशी चार-पाच वर्षं गेली.

२००५ साली भिकूचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. तीन बोटं गेली, उरलेली वळेनाशी झाली. कारखान्यानं दवाखान्याचं बिल दिलं, वर थोडे पैसे हातावर टेकवले आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. भिकू घरात बसला तो बसलाच. माझ्यावर लिहायला एकनाथचा पुतण्या शंभू यायला लागला. पोरगा मनानं चांगला, पण खडू असा रेटायचा की माझ्या अंगावर ओरखडे उठायचे. भिकू मला बघायलासुद्धा आला नाही. मी वाट बघायचो.

घर आता भिकूची बायको सगुणाबाई चालवायची. तिच्याकडं मोटार बसवलेलं शिलाई मशीन होतं. कारखान्यातल्या कामगारांचे सुती हातमोजे ती डझनावर शिवून द्यायची. नवऱ्याचा हात गेला आणि बायको दुसऱ्यांच्या हातांना मोजे शिवते, असं बायका नळावर बोलायच्या. त्या मोज्यांवर तिघांचं पोट होतं, ती, भिकू आणि सहावीतली लेक शुभांगी. पण औषधं, बँडेज, पुण्याच्या खेपा यांत बिल राहून गेलं. एक राहिलं, दोन राहिली, असं करत दोन हजार एकशे चाळीस झालं. २००६च्या दिवाळीच्या तोंडावर वायरमन आला, म्हणाला, "वहिनी, माझ्या हातात काही नाही हो," आणि खांबावर चढून तार सोडून गेला. मशीन बंद पडलं. मोजेवाल्यानं आठ दिवस थांबतो म्हणून सांगितलं, नाहीतर काम दुसरीकडं देणार.

वाडीत सगळ्यांना वाटलं, यंदाचे दिव्याचे पैसे भिकूलाच. एकनाथ स्वतः त्याच्या घरी जाऊन विचारून आला. भिकू नाही म्हणाला. किती समजावलं तरी नाही. एकनाथ परत आला आणि माझ्याखालच्या पायरीवर डोकं धरून बसला. "त्याला फळ्याचं भ्या वाटतंय," असं तो शंभूला म्हणाला, ते मी ऐकलं आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझं भय? ज्यानं मला दिलं, ज्यानं मला लिहितं केलं, त्याला माझं भय?

सहाव्या दिवशी दुपारी सगुणाबाई आली. नळावर कुणी नव्हतं. ती बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"भावजी, पैसं घेते. पन नाव नका लिवू."

एकनाथ कळवळला. "वहिनी, माजं काय जातंय? पन उद्या लोकं म्हनत्याल, एकनाथनं दोन हजार कुटं घातलं? बहिरूचं काय झालं ते बगितलंय तुमी. आन नियम कुनी केलाय? तुमच्याच मालकानं."

"मग माजं लिवा. ह्यांचं नका लिवू. मी सांगीन, मोज्यांची उचल मिळाली म्हनून."

"आन त्यो हितं येऊन वाचंल तवा?"

"त्ये कुटं येत्यात आता बाहेर," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून पुन्हा म्हणाली, "आन लिवायचं तर बारीक लिवा."

शंभूला बारीक लिहिता येत नव्हतं. त्यानं जमेल तेवढ्या सुबक अक्षरात लिहिलं, 'सौ. सगुणाबाई भिकू, वीजबिलासाठी मदत, रुपये दोन हजार एकशे चाळीस.' वर, शेजारी, सगळ्या देणाऱ्यांची नावं होतीच. मला लिहून घ्यावं लागलं. फळ्याला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. आयुष्यात एकदाच नाही म्हणावंसं वाटलं, ते तेव्हा.

तार जोडली. मशीनचा आवाज पुन्हा नळापर्यंत यायला लागला. तीन दिवस मी त्या आवाजाकडं कान लावून होतो, म्हटलं, चला, निदान पोटाचं भागलं.

चौथ्या दिवशी सकाळी, भर नळाच्या वेळेला, भिकू आला.

अंघोळ केलेली, स्वच्छ सदरा, केस विंचरलेले. वर्षभरानं तो माझ्याकडं येत होता. बायका बाजूला झाल्या. त्याच्या डाव्या हातात खडू होता. घरात दिवा आला तसा तो शुभांगीच्या जुन्या पाटीवर डाव्या हातानं गिरवत बसला होता. हे मला नंतर कळलं. त्याला पुन्हा माझ्यावर लिहायचं होतं. तो हसत होता, अहो, खरंच हसत होता!

शंभू धावत आला. "या भिकूदादा! बगा, तुमच्यावानीच लिवलंय समदं. येक रुपाया हिकडचा तिकडं न्हाई."

भिकूनं मान वर केली आणि वाचलं.

मी काय करू शकत होतो? मला कडी नव्हती, नाहीतर मी स्वतःला लावून घेतलं असतं. तो वाचत राहिला. एक ओळ वाचायला किती वेळ लागतो? तो पुन्हा पुन्हा तीच वाचत होता. नळ वाहत होता, कुणी बंद करेना. खडू त्याच्या हातातून पडला आणि पायरीवर मोडला.

मग तो शंभूकडं न बघता म्हणाला, "नळावर येत न्हाईत त्या लोकांची नावं सांग बरं मला."

शंभूला काही कळलं नाही. पण भिकूला कळलं होतं. तो वळून ओढ्याच्या वाटेकडं बघत होता. गंगूबाई डोक्यावर कळशी घेऊन वळणावर आली होती. तिनं त्याला बघितलं, थांबली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ती वाट सोडून नळाकडं आली.

"आत्या," भिकू तिच्यापुढं जाऊन म्हणाला. "म्या तुमचं नाव वाचून दावलं. हाताला धरून आनलं. तुमी तवा बोलला का न्हाईत?"

"काय बोलनार? तुज्या त्वांडावर केवडा आनंद व्हता," गंगूबाई म्हणाली. "तू वाईट न्हाईस रं. तुला ठावं नव्हतं, येवडंच." तिनं कळशी खाली ठेवली आणि शंभूला विचारलं, "सगुणाचं नाव कंचं?"

शंभूनं बोट दाखवलं. तिनं नळाखाली पदर ओला केला आणि पुसायला लागली. तिला वाचता येत नव्हतं. कुठं नाव सुरू होतं, कुठं संपतं, ते तिला कळेना. म्हणून तिनं वरपासून खालपर्यंत सगळंच पुसलं. माझ्यावरून काळं-पांढरं पाणी ओघळलं. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

आणि मग ओरडा सुरू झाला.

कशावरून, सांगा बरं? सगुणाबाईचं नाव चार दिवस चारचौघांत होतं तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. आता मात्र जो तो धावत आला. "माजं नाव पुसलं! पन्नास रुपये दिलं हुतं म्या!" "म्हातारीला कुनी अधिकार दिला?" "हिशोब पुसला, म्हंजी पैसं खायचं हायेत!" एकनाथ मधे पडला तर त्यालाच बहिरूची आठवण करून दिली. गंगूबाई ओला पदर पिळत उभी होती. भिकू हात जोडून सगळ्यांना सांगत होता, तिला बोलू नका, मला बोला. त्याचे ते दोन हात नीट जुळत नव्हते.

त्या दिवाळीनंतर दिव्याचे पैसे बंद झाले. नाव राहणार नाही तर द्यायचं कशाला, असं कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण पुढच्या वसुबारसेला एकनाथ डबा घेऊन फिरला आणि रिकामाच परत आला. वाडीतल्या आणखी दोन घरांच्या तारा सुटल्या त्या सुटल्याच. भिकूनं ते सगळं स्वतःवर घेतलं. २००८च्या उन्हाळ्यात त्यानं घराला कुलूप लावलं आणि बायको-मुलीला घेऊन माण गावी गेला. तिथं जमीनवाल्यांनी आयटीतल्या नोकरदारांसाठी आणि कामगारांसाठी ओळीनं खोल्या बांधल्या होत्या. वीजबिल भाड्यातच. जाताना सामानाचा टेम्पो माझ्यासमोरून गेला. भिकू पुढं बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

मग माझ्याकडं कुणी वळलं नाही. रंग उडाला, कोपरा वाळवीनं धरला. २००९ साली मंडळाच्या खोलीवर फ्लेक्स लागला, आणि मला काढून मागं भिंतीला टेकवलं. त्या फ्लेक्सवर एका पुढाऱ्याचा हसरा फोटो होता आणि खाली वाडीतली एक बाई वाकून त्याच्या हातून पाकीट घेत होती. नाव होतंच, आता तोंडसुद्धा होतं. मला वाटायचं, माझ्याहून वाईट काही असू शकत नाही. होतं.

त्याच साली सगुणाबाई रेशनकार्डाच्या कामासाठी वाडीवर आली होती. खोलीमागं आली, माझ्यापुढं उभी राहिली. सोबत एकनाथ होता. त्यानं विचारलं, "भिकू कसा हाय?"

"सोसायटीत वॉचमनची चाकरी लागली व्हती. बरी व्हती. पन गेटवर वही आसती, येनाऱ्या-जानाऱ्याचं नाव लिवायला. दोन दिवस गेलं आन तिसऱ्या दिशी सोडून आलं. म्हनलं, समदं करीन, कुनाचं नाव लिवनार न्हाई." तिनं माझ्या कडेवरच्या खाचांवरून बोट फिरवलं. "आमचं दार हे. आत असलं की कुनाला काय दिसत नव्हतं."

दोन महिन्यांनी, २०१०च्या सुरुवातीला, एकनाथनं मला खांद्यावर टाकून गंगूबाईच्या घरी नेलं. तिच्या न्हाणीला दार नव्हतं, गोणपाट लावलेलं होतं. त्यानं माझा वाळवीचा कोपरा कापला, जुन्या खाचांत नव्या बिजागऱ्या बसवल्या आणि भोकातला लाकडाचा तुकडा काढून तिथं कडी घातली. म्हातारीनं मला दोन-तीनदा उघडून लावून बघितलं. एकनाथनं पैसे घेतले नाहीत आणि कुठं बोलला नाही. सुतारकामाचा हिशोबही कुठं लिहिला नाही.

आता मी इथं आहे. भिकू परत आला नाही, आणि तो येईल अशी आशा मी धरत नाही. आतल्या बाजूनं अजून थोडा काळा रंग आहे. पाणी उडतं तेव्हा त्यावर कधी कधी त्याच्या जुन्या अक्षराची एखादी वेलांटी उमटते, खडूनं लाकडात इतकी वर्षं घर केलेलं. गंगूबाईला वाटतं, डाग आहे. ती चोळते, पण तो जात नाही.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही कुणाची तरी तार सुटलेली असेल. जरूर द्या, हात आखडू नका, भिकूनं सुचवलं ते चांगलंच होतं. फक्त त्याच्या घरी जाल तेव्हा आत शिरल्यावर आधी दार लोटून घ्या, आणि मग खिशात हात घाला.